डाव्या मडगार्डचा कठडा

चऱ्होली,
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. ज्योतीराम काकांना,
वर्षालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि काकू निरोप निम्माच पोचवतात, म्हणून तुमच्याच पद्धतीने पत्र लिहिते आहे. आपला रणगाड्यासारखा साखळीचा ट्रॅक्टर गुरुवारी सुखरूप चाकणच्या वर्कशॉपला पोचला. अकरा वर्षं चिंचेखाली उभा होता ना, ट्रेलरवरून ओढून उतरवला तेव्हा सीटखालून सरड्यांचं एक कुटुंब बाहेर पडलं आणि वर्कशॉपभर पांगलं.

इंजिन बरं आहे, खरं दुखणं खाली आहे. वर्कशॉपच्या नवनाथ मिस्त्रींनी दोन्ही साखळ्या सोडवल्या. दिवसभर कंपनीत दुसऱ्यांचे पार्ट मोजते, म्हटलं आता घरचे मोजू, म्हणून शिफ्ट सुटल्यावर कॅलिपर घेऊन गेले. उजवी साखळी ठीकठाक आहे, डावी मात्र पार गेली आहे. तिच्या चाकाचे दाते सुळ्यांसारखे झालेत. ब्रेक उघडले तर सगळं उलटं. उजव्याचं लायनिंग संपलेलं, डाव्याचं जवळपास कोरं. मिस्त्री हसायलाच लागले. म्हणाले, उजवा दांडा ओढला की उजवी साखळी थांबते, डावी पळत राहते आणि गाडी उजवीकडे वळते. हा ड्रायव्हर जन्मभर उजवीकडेच वळलाय. मी म्हटलं, आमचे काका शेताला प्रदक्षिणा घालत असणार.

तरी घाबरू नका. साखळीच्या कड्या जोडणाऱ्या पिना आणि बुश एकाच अंगाने झिजतात. प्रेसवर काढून अर्धा फेर फिरवून बसवले, की न झिजलेलं अंग कामाला येतं. दाते मात्र नवे लागतील.

एक विचारायचं होतं. डाव्या मडगार्डवर लोखंडी कठडा वेल्ड केलेला आहे, उजवीकडे नाही. फार गंजलाय. काढून टाकू का?

पाडव्यापर्यंत चालला नाही तर भंगारात, असं तुम्ही ठरवलंय. चालेल तो. फक्त पाडव्याला ट्रेलरवरून तुम्हीच चालवत उतरवायचा आणि पुढेही तुम्हीच चालवायचा, एवढा माझा हट्ट. तुम्ही दिवसभर ओट्यावर बसून असता, ते काकूंना बघवत नाही, आणि मलाही.

काकूंना नमस्कार. माझ्यावर माया आहे तशीच असू द्या, वर एक पत्रही असू द्या.

तुमची,
वर्षाली


सावरगाव,
२० जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. सरडे गेले ते बरे झाले, गेली काही वर्षे मालक तेच होते. प्रदक्षिणेचे म्हणतेस ते खोटे नाही. पुण्य किती लागले ते मिस्त्रींना विचार.

कठडा काढू नको. गंज घास आणि रंग दे. बाकी काय ठेवायचे, काय बदलायचे, ते तुझ्यावर सोडले.

चालवायचे मात्र माझ्याकडून होणार नाही. वय झाले. शेजारच्या रविराजला बसव, नाहीतर खटाटोप सोड. भंगारवाला साहेबराव परवा पुन्हा येऊन चहा पिऊन गेला. याउपर हट्ट करू नये.

जावईबापूंना आशीर्वाद. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून ते घरी येतात तेव्हा त्यांना गरम वाढत जा. तुझी आठवण रोज निघते, हे वेगळे लिहीत नाही.

काका


सावरगाव,
२७ जानेवारी २०२५

चि. वर्षालीस,
काकूचा आशीर्वाद.

ह्यांचं पत्र वाचून तू रुसली असशील. फोन केला असता, पण ह्यांना ऐकू येत न्हाई म्हणून मला मोठ्यानं बोलायची सवय लागली, आणि मी फोनवर बोलले की सगळ्या आळीला कळतं. ही गोष्ट आळीला कळायची न्हाई. चौथीपर्यंतच्या शाळेवर लिहिते, सांभाळून घे.

तू सहा वर्षांची होतीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत आली होतीस आणि डाव्या मडगार्डवर बसायचा तुझा हट्ट असायचा. एका दुपारी इंजिनच्या आवाजात तुला तिथंच झोप लागली. बांध ओलांडताना गाडीला हिसका बसला आणि तू घसरलीस. खाली साखळी चालू होती. ह्यांनी डाव्या हातानं तुझा परकर धरला आणि एका हिसक्यात वर ओढलं. तू वाचलीस, ह्यांचा खांदा निखळला. हाड बसवणाऱ्याकडं नेलं, पण तो हात पुन्हा पहिल्यासारखा झाला न्हाई. डावा दांडा ओढवेना. लईच अडलं तर उजवा हात पलीकडं नेऊन ओढायचे, न्हाईतर उजवीकडून पुरा फेरा मारून यायचे. तू मात्र उठलीस आणि पाणी मागितलंस. तुला काही कळलंच न्हाई.

पंधरा दिवसांत ह्यांनी तो कठडा बसवून घेतला. तुझ्या बाबांना सांगितलं न्हाई. त्यांना कळलं असतं तर तुला पुन्हा सुट्टीत धाडलं नसतं, आणि आमच्या घरात दुसरं लेकरू न्हवतं.

ह्यांना चालवायचं लई मन आहे. चार लोकांसमोर दांडा ओढवला न्हाई तर काय, म्हणून वयाचं नाव पुढं करतात. मी लिहिलं हे त्यांना सांगू नको. तब्येत सांभाळ, आणि जीव आहे तसाच लावून ठेव.

तुझी काकू,
कौशल्या


चऱ्होली,
९ मार्च २०२५

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

ट्रॅक्टर काल वर्कशॉपच्या आवारात चालला. पिना आणि बुश फिरवून बसवले, डाव्या चाकाला नवे दाते आले, दोन्ही ब्रेकना नवं लायनिंग घातलं, दोन्ही साखळ्यांचा ताण सारखा केला. कठड्याला पिवळा रंग दिला आहे. तो मी स्वतः दिला, मिस्त्रींना हात लावू दिला नाही.

आणखी एक बदल केला. नवं लायनिंग सुरुवातीला जड जातं, म्हणून वळवायचे दोन्ही दांडे वीतभर लांब करून घेतले आहेत. डावा दांडा मी नुसत्या डाव्या हाताने ओढून पाहिला, हातपंपाच्या दांड्यासारखा हलका येतो. म्हणजे वयाची सबब आता चालणार नाही.

काका, मी यंत्रांमध्ये रमले ती तुमच्या शेजारी बसून. कंपनीत लोक विचारतात, मशीनची भीती कशी वाटत नाही. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं उत्तर असं आहे की तुमच्या शेजारी बसलं की काही होत नाही, हे मला लहानपणापासून पक्कं माहीत होतं. आजवर हे तुम्हाला म्हटलं नव्हतं. आज म्हणते.

पाडव्याला ट्रेलरसोबत मीही येते. तुम्ही फक्त सीटवर बसा, पुढचं पुढे पाहू. आशीर्वाद आहेतच, या वेळी जरा जास्त लागतील.

तुमची,
वर्षाली


सावरगाव,
३ एप्रिल २०२५

चि. सौ. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचल्याचे कळले. पाडव्याला तुझ्या आग्रहाखातर सीटवर बसलो, गाडी ट्रेलरवरून सरळ खाली घेतली आणि सवयीप्रमाणे उजवीकडे वळवली. तू टाळ्या वाजवल्यास. तू होतीस तोवर त्यापुढे धीर झाला नाही.

काल सकाळी एकटाच काढली. चिंचेच्या अलीकडे, जिथून मी नेहमी पुरा फेरा मारून यायचो, तिथे डावा दांडा धरला. कळ येणार म्हणून दात आवळून ठेवले होते. कळ आली नाही. गाडी डावीकडे वळली. तुझी काकू बांधावर उभी होती. इतक्या वर्षांत असे पाहिले नसल्याने तिला वाटले काहीतरी मोडले, आणि ती ओरडत पळत आली. मग दोनदा, तीनदा वळवून दाखवली. संध्याकाळपर्यंत शेताचा निम्मा तुकडा सपाट केला. साहेबराव आला होता, चहा न घेता गेला.

आता एक. नव्या लायनिंगचे कारण तू जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला सांगतेस. उजवा दांडा लांब करायची काही गरज नव्हती. डावा एकटा उठून दिसू नये म्हणून तोही केलास हे समजले, आणि बरे वाटले. काकूने जानेवारीत कधी नव्हे ते पोस्टाचे पाकीट मागवले होते. मी तिला काही बोललो नाही, तूही बोलू नको. त्या हाताचे मला कधी वाईट वाटले नाही. त्याने धरायचे ते वेळेवर धरले.

मिस्त्रींना माझा मुद्दाम नमस्कार सांग. त्यांचे आणि तुझे उपकार मानायला पत्र अपुरे आहे, म्हणून सोबत नव्या ज्वारीचे पोते पाठवतो.

पिवळा रंग शोभतो. मे महिन्यात येशील तेव्हा कठड्याशी बस. या वेळी झोपू नको.

तुझा,
ज्योतीराम काका