उजवीकडचा ग्लास

प्रिय दादा,

आईला सांभाळणाऱ्या मावशींना काढून टाकायचं, असं मी काल तुला फोनवर सांगितलं. तू म्हणालास, "तू तपासनीस आहेस, तुला कळतं."

खरंच कळतं. घरोघरी आजारी माणसांची देखभाल कशी होते, हे मी अकरा वर्षं तपासते आहे. मी आधी नोंदवही उघडत नाही. पाणी माणसाच्या हाताला लागतं का, ते बघते. काल सकाळी, मावशी यायच्या आधी, आईचा ग्लास उजवीकडे होता, काठोकाठ भरलेला. तिचा उजवा हात गेल्या वर्षभरापासून उचलत नाही. मी मावशींना तिथेच नापास केलं.

आज त्या आल्यावर मी ग्लास दाखवला. त्यांनी तो डावीकडे ठेवला.

"ताई, मी जाताना रोज इथेच ठेवते. तुम्ही घरी आलात की टेबल पुसता आणि ग्लास तिकडे ठेवता. सकाळी मी परत हलवते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळ्यांना मार्क देता. तुम्हाला कोण देणार?"

"मी देते," आई म्हणाली. तिनं डाव्या हातानं ग्लास उचलला आणि सगळं पाणी संपवलं.

मावशी राहतील, एवढंच तुला फोनवर सांगेन. हा कागद टेबलाच्या खणात ठेवते आहे. तुझ्यासमोर माझा थोडा रुबाब शिल्लक राहू दे. टेबल मी आजही पुसलं. ग्लास डावीकडे आहे.

तुझी, आज तपासली गेलेली,
धाकटी