दोन तासांचं विमान

ती. बाबा,

कोपनहेगनहून रान्वाचा नमस्कार. मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे? मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या का?

मंगळवारी संध्याकाळी तुमच्या सत्तराव्या वाढदिवसाला फोन केला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "दोन तासांचं विमान, आणि बाईसाहेबांना सवड नाही!" मी विषय बदलला. खरं सांगितलं असतं तर रडूच कोसळलं असतं.

बाबा, त्या दिवशी सकाळी मी विमानात होते. न सांगता दारात उभी राहणार होते. शेजारच्या आजी मोजा विणत म्हणाल्या, "टाच वळली की उतरलोच समज." टाच वळली, पण धुक्यात आपलं फेरोचं बेट काही दिसेना. दोन घिरट्या घालून विमान माघारी फिरलं. तेराशे किलोमीटर गेले, तेराशे आले, आणि साडेचार तासांनी निघाले तिथंच उतरले! आजींचा मोजा तेवढा पुरा झाला.

आता शनिवारी फेरोच्या बोटीनं निघतेय. दीड दिवस लागेल, पण बोट धुक्याला भीत नाही.

फोन ठेवताना तुम्ही म्हणालात ना, "आज विमान घरावरून दोनदा फिरून परत गेलं. दिसत नव्हतं, तरी बिचाऱ्यांना मी हात केला"?

बाबा, तो मला पोचला.

तुमचीच,
रान्वा