रस्त्यात दाखवलेला हात

अथेन्स,
१४ ऑक्टोबर २००७

प्रिय उमा,

तू फोनवर येत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. गेल्या महिन्यात चार वेळा फोन लावला. चारही वेळा संजीवनीने उचलला आणि चारही वेळा तू झोपलेली होतीस. एकदा तर तुमच्याकडे सकाळचे अकरा वाजले होते. उल्हासनगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आहे मी, फोन कसा टाळतात ते मला शिकवू नकोस. सून मात्र तुला गोड मिळाली आहे. शेवटच्या वेळी म्हणाली, "काकू, अ‍ॅक्सिडेंट कसा झाला ते तुम्ही नीट सांगितलंत म्हणून बरं झालं. आईंना रस्त्यात सुधरत नाही हे आम्हाला कळलंच नसतं. आता आम्ही त्यांना एकट्या खालीसुद्धा सोडत नाही." म्हणजे तुझं सोमवारचं शिवमंदिर बंद, बदलापूरला धाकट्या बहिणीकडे, जनीकडे जाणं बंद, आणि पायाचं हाड जुळून चार महिने झाले तरी तू गॅलरीत बसून खालच्यांची डोकी मोजते आहेस. मी "हो का" म्हणाले आणि फोन ठेवला. त्या "हो का"विषयी मला लिहायचं आहे, पण आधी इथल्या रस्त्यांबद्दल बोलू दे, नाहीतर मी फुटेन.

आपल्या बिल्डिंगमधल्या ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्या सगळ्या सांगतात ना, की परदेशात नुसता फुटपाथवरून पाय खाली ठेवला तरी गाड्या थांबतात? तो परदेश वेगळा असणार. जावयाच्या जहाज कंपनीने माझ्या मैत्रेयीच्या वाट्याला जो परदेश दिला आहे तो म्हणजे आपल्या उल्हासनगरचा कॅम्प दोनच आहे, फक्त उसाच्या रसाऐवजी कॉफी. फुटपाथच्या मधोमध संत्र्याची झाडं. कडू संत्री, खायच्या कामाची नाहीत. झाडाच्या एका बाजूला दोन चाकं वर चढवून मोटार उभी, दुसऱ्या बाजूने मोटारसायकल चाललेली. फुटपाथवरून! मी एकाला थांबवून स्वच्छ मराठीत विचारलं, की बाबा, घरात येतोस का, सोफा सरकवू का तुझ्यासाठी? तो हसून "ने, ने" म्हणाला. इथे 'ने' म्हणजे 'हो'. अशा देशात माणसाने काय करावं सांग.

बरं, चर्च दिसलं की टॅक्सीवाला स्टिअरिंग सोडून तीनदा क्रूस करतो, आपला रिक्षावाला देवळासमोर हँडल सोडून नमस्कार करतो तसाच. तोही उलटा क्रूस, आधी उजवा खांदा आणि मग डावा. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नाडेटने हे पाहिलं असतं तर टॅक्सीतून उतरवून बाकावर उभं केलं असतं. त्याच सिस्टरने आम्हाला शिकवलं होतं की रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून त्या आधी डावीकडून येतात. पहिल्या आठवड्यात मी मोठ्या शिस्तीने, मान ताठ ठेवून, चुकीच्या बाजूला बघत तीनदा मरणार होते.

म्हणून मग मी आपली पद्धत काढली. उजवा हात पुढे, तळवा गाडीकडे, पाचही बोटं पसरलेली, आणि नजर ड्रायव्हरच्या डोळ्यात. तू मला 'अंबरनाथची ट्रॅफिक मडम' म्हणायचीस ते याच हातावरून. या हाताने मी स्टेशनबाहेरच्या रिक्षा थांबवल्यात, पाण्याचे टँकर थांबवलेत, एकदा तर बँडसकट वरात थांबवली. इथेही चालला, उमा! गाड्या कचकन थांबायच्या. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन मलाही पंजा दाखवायचा, काही जण तर दोन्ही हातांचे, आणि मोठ्याने म्हणायचे, "ना!" मला वाटलं, किती सभ्य लोक, "जा ना, बाई, जा ना" म्हणतायत. मी मान डोलावून थँक्यू म्हणायचे. घरी आमच्या बुद्धमूर्तीचाही हात असाच, भिऊ नकोस सांगणारा. मैत्रेयीला मी म्हणालेसुद्धा, की गाड्या वाईट चालवतात ग, पण आशीर्वाद भरभरून देतात.

सप्टेंबरात एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या स्टावरूलाबाईंनी मला गॅलरीतून हे करताना पाहिलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झाली तरी. तरुणपणी मेलबर्नला राहिल्यामुळे इंग्रजी बोलतात. कठडा धरून इतक्या हसल्या की मला वाटलं आता याच खाली पडतील. मग वर येऊन त्यांनी समजावलं. या देशात पसरलेला पंजा समोर धरणं ही शिव्यांतली शिवी. फार पूर्वी गुन्हेगाराच्या तोंडाला राख फासून त्याला गावभर फिरवायचे म्हणे, त्याची ती खूण, आणि 'ना' म्हणजे 'हे घे!' कळलं का तुला? आपल्याकडे तोंडाला काळं फासतात तेच! म्हणजे जूनपासून मी रोज सकाळी दूध आणायला जाता-येता अथेन्सकरांच्या तोंडाला काळं फासत होते. त्यात एक शाळेची बस होती. एक लांब दाढीचे पाद्रीबाबा होते, त्यांना तर मी हसून दाखवला होता. तरीच ते उलटा क्रूस करत राहिले. जावई जेवता जेवता ठसका लागून उठला. मैत्रेयी म्हणाली, "आई, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच ग." पोरीला मराठी येतं म्हणून मी आजवर अभिमान बाळगला होता.

हात खिशात गेल्यावर मात्र माझं अवघड झालं. दोन आठवडे मी समोरच्या बेकरीतसुद्धा गेले नाही. शेवटी परवा शुक्रवारी स्टावरूलाबाईच म्हणाल्या, चल, आज पलीकडच्या गल्लीत भाजीबाजार आहे, माझा हात धर. एका हातात त्यांची चाकांची पिशवी, दुसऱ्या हातात मी. सिग्नल आमचा होता. हिरवा माणूस चालत होता. आम्ही अर्ध्यावर पोचलो आणि डावीकडून एक मोटारसायकल सिग्नल तोडून सरळ आमच्यावर आली. मी काय केलं असेल? मी त्यांचा हात सोडला आणि पळाले. विचार केला नाही, ओरडले नाही, पलीकडचा फुटपाथ गाठूनच मागे वळले. बाई रस्त्याच्या मधोमध एकट्या उभ्या, पिशवी आडवी पडलेली, मोटारसायकल त्यांच्या झग्याला वारा घालून निघून गेलेली. काही लागलं नाही, सुखरूप आल्या. पण येण्याआधी तिथेच उभं राहून त्यांनी दोन्ही हात वर केले, दहा बोटं पसरली आणि बाजारभर ऐकू जाईल असं "ना!" म्हणाल्या. मोटारसायकलवाला एव्हाना दिसेनासा झाला होता. हात माझ्याकडे होते.

नंतर त्यांनी माझ्यासाठी चार टोमॅटो घेतले आणि विषय संपवला. मी संपवू शकले नाही. मार्चमध्ये कॅम्प दोनच्या बाजारात माझ्याच चादरी घ्यायला आपण गेलो होतो. तू म्हणत होतीस, थांब ग, तो स्कूटरवाला जाऊ दे, मागे एवढे कापडाचे तागे बांधलेत, त्याला ब्रेक लागायचा नाही. मी म्हणाले, काय भित्री आहेस, मी हात दाखवते, चल. तुझा हात धरून मीच तुला ओढलं. त्याला ब्रेक लागला नाही. आणि मी तुझा हात सोडून पलीकडे पळाले. हॉस्पिटलमध्ये सगळ्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, उमा मध्येच थांबली, बावचळली, तिला काही सुधरलंच नाही. तू पलंगावरून माझ्याकडे पाहिलंस आणि काही बोलली नाहीस. मला वाटलं, बरं झालं, हिला आठवत नाही. आता वाटतं, तुला सगळं आठवत होतं आणि मी स्वतःहून बोलते का याची तू वाट पाहत होतीस. सात महिने. तू बावचळली नव्हतीस, उमा. त्या रस्त्यात नीट बघणारी तू एकटीच होतीस. माझं चुकलं. अपघातात तर चुकलंच, त्यानंतर जे बोलले त्यात जास्त चुकलं.

आणि आता राजू, तुझ्याशी बोलते. पत्र आईला लिहिलं असलं तरी पाकिटावर नाव तुझं घातलं आहे, तुझ्या हाती आधी पडावं म्हणूनच. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, कुंदाकाकू मैत्रिणीची बाजू घेतेय, मोठ्या मनाची आहे. मी मोठ्या मनाची नाही, खोटं बोलले होते, म्हणून खाली सही करून लेखी देते आहे. कुणाचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून कुणाला घरात बसवायचं असेल तर मी डिसेंबरात परत येते आहे, मला बसवा. तोपर्यंत हा कागद संजीवनीला वाचून दाखव, मग आईच्या हातात दे, आणि ती चपला घालायला लागली की दारातून बाजूला हो. कुठे चाललीस, असं विचारू नकोस.

उमा, तू म्हणू देशील तोवर तुझीच,
कुंदा