नव्या डॉक्टरांचा प्रश्न

सोमवार, संध्याकाळ. लातूर

लेकीच्या, रेखाच्या क्लाससाठी नांदेड सोडलं, म्हणून आज माझ्या बीपीसाठी आम्ही दोघी नव्या डॉक्टर मॅडमकडं गेलो. जुन्या डॉक्टरांना काही सांगावं लागत नव्हतं.

मॅडमनी विचारलं, "बाळंतपणं किती?"

"एक."

एक कसं म्हणाले मी?

शेजारून रेखा म्हणाली, "दोन लिहा. माझा भाऊ भूकंपात गेला."

मॅडमनी एक खोडून दोन केलं. रेखा भूकंपानंतर तीन वर्षांनी झाली. गणूचं नावही आम्ही तिच्यापुढं कधी काढलं नाही. ऑटोत विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"तूच. झोपेत ओरडतीस की, 'भिंत पडली, आधी माझ्या गणूला काढा.' लहानपणापासून ऐकून राहिले."

किती रात्री जागली असेल पोरगी?