ई-क्लासवर कोणीच जात नाही

१४ नोव्हेंबर
मूर्तिजापूरहून जीप मिळेपर्यंत दुपार. पाठ धरली आहे. शकील आधीच पारावर, मांडीवर प्रश्नावल्यांचा गठ्ठा. अकोटचा हा माणूस माझ्यासोबत इतके सर्व्हे करूनही अजून चिडत नाही. मला प्रश्नावलीचं पहिलं पान पुरतं.
काम नेहमीचंच. गावच्या ई-क्लासला, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीला, कुंपण पडणार. आत गवत वाढेल, काळवीट राहतील, तणमोर पक्षी परत येईल. त्या गवता-पाण्यापासून गावाला काय मिळतं ते मोजा, कुंपणानं कोणाचं काय बिघडेल ते लिहा. अहवाल आमच्या पुण्याच्या संस्थेतले सर लिहिणार. गावात हिंडायचं मी.

१५ नोव्हेंबर
कापूस वेचणी. दिवसभर गावात चिटपाखरू नाही. संध्याकाळी बायका दमून येतात आणि चुलीपुढे आम्ही हजर. लाज वाटते.
प्रश्न: घरातलं कोण ई-क्लासवर जातं? उत्तर घरोघरी एकच. सिंधूकाकू (यांच्या ओसरीत मुक्काम): "आमच्या घरचं कोनीच नाई जात वो ताई. काय करतो तिथं जाऊन?"
शकील रेघ मारतो, पुढचं घर. पटापट होतंय. बरं वाटलं.

१८ नोव्हेंबर
सरांचा फोन. कच्चे आकडे पाहून खूश. गाव त्या जमिनीवर अवलंबून नाही, म्हणजे कुंपणाला अडचण नाही, बदली चाऱ्याची तरतूद करायला नको.
सर वाईट नाहीत. तणमोरासाठी बरीच वर्षं पायपीट करतायत. गवत खरंच संपत चाललंय, तेही मी पाहिलंय. पण त्यांचा आनंद ऐकून उगाच थकायला झालं.

१९ नोव्हेंबर
सकाळी दात घासत आखरापर्यंत गेले. गावची गुरं इथं जमतात. घराघरांतून गाई आपल्या आपण येत होत्या, मागे माणूस नाही. नामदेवभाऊ काठी टेकून उभे. गावचे गायकी, सगळ्यांची गुरं हेच चारतात.
"कुठं नेता?"
"कुठं म्हंजे? ई-क्लासवर. दुसरी जागा कोनती ठेवली हाये?"
"सिंधूकाकूंची पण?"
"थे काय पुढं चालली."
तोंडातला फेस तसाच घेऊन परत. काकू शेण काढत होत्या. म्हटलं, काकू, तुमची गाय तर ई-क्लासवर जाते!
"जाते ना. रोजच जाते."
मग त्या दिवशी नाही कशा म्हणालात?
"तुमी इचारलं घरचं कोन जाते. गाय गायक्यासंगं जाते. आमी काहून जाऊ?"
आता चिडायचं कोणावर? प्रश्न पुण्यात तयार झाला, तिथं गायकी नसेल. पण मी वऱ्हाडातच वाढले. मला तरी सुचायला हवं होतं. स्वतःचाच राग आला.

२१ नोव्हेंबर
पुन्हा सगळी घरं. शकीलनं कपाळावर हात मारला. "मॅडम, इस बार चाय आप पिलाओगे." पण उठला.
तुमची गाय कोणाजवळ जाते, एवढंच विचारायचं. जवळपास सगळ्या घरांत एक तरी आहे. बैल विकले, बंडी विकली, गाय मात्र धरून ठेवलीय. चहाला दूध, लेकरांना ताक, चुलीला गोवऱ्या. कुंपण पडलं की ती खाणार काय? विकत कडबा कोण घालणार? महिनाभरात बाजारात जाईल. असं एकजण नाही, सगळे म्हणाले.

२४ नोव्हेंबर
सरांशी फोनवर भांडण. त्यांचं म्हणणं, आता पद्धत बदलता येत नाही. फार तर नामदेवरावांची नोंद करू. बाधित कुटुंब, एक.
सर, सगळं गाव आहे हो!
"पण प्रत्यक्ष जातो तो एकटाच ना?"
फोन ठेवला आणि रडले. थकव्यानं असेल. नाही, संतापानंच.

३० नोव्हेंबर
ग्रामसभा. आदल्या दिवशी दारोदार जाऊन सांगून ठेवलं होतं, गाईंचं बोला. वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, ई-क्लासवर कोण कोण जातं? हात एकट्या नामदेवभाऊंचा. गुरांमागे जाणं इथं कमीपणाचं, भरसभेत कोण कबूल करणार? शेवटी सिंधूकाकू उठल्या. "सायेब, गाई जातेत. समद्या गावच्या." साहेब म्हणाले, गोठ्यात चारा देण्याची योजना येईल, तेव्हा बघू. काकू बसल्या.
मग जाहीर झालं, बाधित कुटुंबाला कुंपणावर चौकीदारी. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नामदेवभाऊंनी वाजवल्या नाहीत.

२ डिसेंबर
निघालो. जीपच्या थांब्यावर नामदेवभाऊ. कळप मागे थांबवलेला.
"ताई, महिन्याच्या महिन्याले पगार देतो म्हंतेत. जिंदगीत पयल्यांदा."
चांगलंच आहे की, भाऊ.
"काम कोनतं, तं तारेच्या आत गुरं येऊ द्याचे नाईत. हेच गुरं. त्याईले माहा आवाज वळखू येते. मी हाकललं तं त्याईले समजनच नाई." कळपाकडे पाहून, "नाई म्हनलं तं दुसरा घेईन. थो काठीनं मारन त्याईले. बायको म्हंते घ्या. तुमी सांगा, घेऊ का?"
जीपवाला हॉर्न वाजवत होता. सांगते, म्हणाले. फोन नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि चढले.

५ डिसेंबर, अमरावती
अहवाल आलाय. गावाचं पान मी तपासलं, असं लिहून खाली सहीची जागा. बाधित कुटुंब, एक. सही केली नाही. सरांचे दोन फोन, घेतले नाहीत. शकील म्हणतो, तुम्ही अडवलंत तर नामदेवभाऊंची नोकरीही अडेल. त्याचंही खरं.
संध्याकाळी पुन्हा वाजला. सर असतील म्हणून वैतागून उचलला. गावातल्या पीसीओवरून.
"ताई, नामदेव बोलून राहिलो. सायबाले उद्या सांगाचं हाये, घेतो का नाई थे."
हो, भाऊ.
अहवालाचं ते पान पुढ्यात ओढलं, सहीची जागा अजून कोरीच.