नळाचं पाणी

सर, तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, तिच्याबद्दलचा माझा हेवा मात्र अजून गेलेला नाही. चंदीगडच्या त्या प्रयोगशाळेत मराठी बोलणारी आपण दोघंच, त्यामुळे तुम्ही माझे, असं मी नागपूरहून आल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. बाजारात तेव्हा विदेशी शॅम्पूंच्या नवनव्या बाटल्या आल्या होत्या आणि जो तो नैसर्गिक अर्क मागत होता. मग चंदीगडजवळच्या खरड गावची ती आली, ज्यूसवाल्यांकडच्या किन्नूच्या, म्हणजे तिकडच्या संत्र्यांच्या, साली पिशवीत भरून. त्या सालींतलं तेल मी हेक्झेनने, म्हणजे पेट्रोलच्या जातीच्या द्रावकाने काढायचे. ती नुसत्या पाण्याच्या वाफेवर. तेल माझं जास्त निघायचं, कौतुक तिचं व्हायचं. मला आडनावाने हाक, तिला "बेटा". तुमच्या घरी वरणभात खायला गेलो, तर काकूंनी लिंबाची फोडही आधी तिलाच वाढली. माझा नुसता जळफळाट.

एकदा तुम्ही मला सांगितलंत, दोन्हींपैकी कुठल्या पद्धतीचा निसर्गाला कमी त्रास ते मोज. वीज, पाणी, द्रावक, उरलेला चोथा, सगळं एका तक्त्यात. मी बादली लावून मोजलं. तिची वाफ थंड करायला नळ चार तास वाहायचा. त्यातली प्रत्येक बादली मी लिहिली. माझं हेक्झेन उडवून परत गोळा करताना तोच नळ तसाच वाहायचा. ते पाणी लिहिलंच नाही. विसरले नव्हते. ती तक्ता बघते, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते आणि म्हणते, "दीदी ने नापा है जी, तो ठीक ही होगा." दुसऱ्या दिवशी तिने घरून कूलरचा जुना पंप आणला आणि बादलीतलंच पाणी फिरवायला लागली.

तुम्ही माझ्या तक्त्यावर बोट ठेवलंत तेव्हा ती शेजारीच उभी होती. तुम्ही हळूच मराठीत विचारलंत, "तुझं पाणी कुठं गेलं गं?" मी मान खाली घातली. "पुन्हा मोज. तिला काही कळायला नको," तुम्ही म्हणालात.

आता माझे विद्यार्थी असे तक्ते आणतात आणि मी आधी पाण्याचा रकाना बघते. तिची माफी मात्र कधी मागितली नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी मान खाली गेली ती शरमेने नव्हे. तुम्ही मला रागावत होतात आणि त्यातलं एक अक्षरही तिला कळत नव्हतं, याचा मला आनंद झाला होता.