ओळखीची बाई, प्रथम क्रमांक

॥ श्री गजानन महाराज प्रसन्न ॥

आदरणीय ज्ञानेश्वरराव यांना कडूबाचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

(दचकू नका. आजवर मी तुम्हाला 'ज्ञान्या' म्हणत आलो, हे मला माहीत आहे. लग्नात कानपिळीच्या वेळी तुम्ही माझा कान असा काही पिळला होता की तो राग माझ्या डोक्यातून गेलाच नव्हता. आता गेला. माणसाला वयाप्रमाणे मान दिला पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं. तुमच्या घरी सध्या जे कोणी मुक्कामाला आहे, त्याच्याशी या 'राव'चा काही संबंध जोडू नका.)

सासूबाईंचा गुडघा कसा आहे? मी शेगावहून आणलेलं तेल लावतात की बाटली तशीच कोनाड्यात पडून आहे? म्हैस व्याली का? संत्र्याचा बहार टिकला असेल अशी आशा करतो. जळगाव जामोदकडे तुमचं सगळं नेहमी बरंच चाललेलं असतं, आणि मला त्याचा आनंदच आहे. तुमच्याकडे आलेल्या पाहुणीची प्रकृती मी विचारत नाही. तिला बरंच वाटत असणार. खरं तर फोनच केला असता, पण तुमचा फोन हल्ली ती उचलते आणि माझा आवाज ऐकला की राँग नंबर म्हणून ठेवून देते. म्हणून पत्र. शिवाय सरकारी कामात पडल्यापासून मला कळलं आहे की तोंडी बोलण्याला काही किंमत नाही, जे काय ते कागदावर पाहिजे. पत्र आहे म्हणून जरा शुद्ध लिहितो. मधेच राग येऊन आपली बोली सुटली तर सांभाळून घ्या.

तुमच्या बहिणीनं तुम्हाला तिच्या बाजूनं सगळं सांगितलंच असेल. आता माझ्या बाजूनं ऐका. तालुक्याला भाजीपाला प्रदर्शन होतं. स्पर्धेत बायांची नावं कमी पडत होती म्हणून कृषी खात्याचा माणूस घरी आला आणि म्हणाला, तुमच्या घरच्यांचंही नाव द्या. पंचफुला नाहीच म्हणत होती. तिचा अर्ज मी भरला, ज्ञानेश्वरराव. माझ्या हातानं, माझ्या पेननं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी एकाच वावरातली, एकाच वाफ्यातली भरताची वांगी तोडली आणि त्यांची वाटणीही मीच केली. चांगली, चकचकीत, हातात मावणार नाहीत अशी वांगी माझ्या टोपलीत. उरलेली तिच्या. (ती तेव्हा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा माणसानं सावध राहावं, हे तुम्ही भाऊ म्हणून मला लग्नाआधी सांगायला पाहिजे होतं.) दोघांची टेबलं शेजारी शेजारी होती. परीक्षक आले, त्यांनी वांगी दाबून पाहिली, वजन केलं, मला दोन-चार किरकोळ प्रश्न विचारले, मी त्यांची व्यवस्थित उत्तरं दिली. संध्याकाळी माईकवर निकाल सांगितला. वांगी, प्रथम क्रमांक, सौ. पंचफुला कडूबा. माझं नाव त्यात होतं, पण मधलं म्हणून.

आता तुम्हीच सांगा, एका झाडाची दोन वांगी, त्यातलं एक पहिलं येते अन् दुसऱ्याले कुणी इचारत नाही, हे कसं काय? मी जळलो. लपवून काय करायचं, लिहूनच टाकतो, माझ्या अंगाचा नुसता भडका झाला. पेपरात तिचा फोटो आला. फोटोत तिच्या खांद्यामागं माझा कान आहे (तुम्ही पिळलेला तोच). शोकेसमध्ये माझा मुलाखतीचा, म्हणजे तरुणपणी पोलीसभरतीला गेलो होतो तेव्हाचा फोटो होता, तो खाली गेला आणि शिल्ड वर आली. बाजारात अनोळखी माणूस मला थांबवून विचारतो, पंचफुलाबाईचे मालक तुम्हीच का? अब्दुल गनीच्या बियाण्याच्या दुकानात मी वीस वर्षांपासून जातो, मला कधी त्यानं स्टूल दिलं नाही. परवा आम्ही दोघं गेलो तर यानं आतून घरातली खुर्ची आणली, रुमालानं पुसली, म्हणाला, बसा भाभी, आणि तिला शेंडेअळीवर काय मारावं ते विचारायला लागला. बियाणं विकणारा माणूस, आणि तो बियाणं घेणाऱ्याच्या बायकोला विचारतो! मी बाजूला उभा. मला म्हणतो, कडूबाभाऊ, तेवढी गाडी सावलीत लावून घ्या ना. आता माझ्या जागी तुम्ही असते तर तुमच्या पोटात दुखलं नसतं का? खरं बोला.

मग मी ठरवलं की या निकालाच्या मुळाशी जायचं. घरी फवारणीचं औषध आणतो म्हणून सांगितलं आणि गुपचूप तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलो. तिथं भिंतीवर मोठा फलक आहे. कोणते कागद कोणाकडे असतात, कोणाला मागायचे, दर सोमवारी दुपारी कोणीही येऊन कागद पाहू शकतो, प्रत पाहिजे तर अर्ज करा, सगळं लिहिलेलं. मी अर्धा तास तो फलकच वाचत होतो. आपल्या घरात कोणती वस्तू कुठं असते याचा असा फलक आजवर कोणी लावला नाही, म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं. तिथं रुपाली नावाच्या मॅडम बसतात. वयानं लहान, बोलायला गोड. त्यांनी माहिती अधिकाराचा कोरा अर्ज दिला, तिकीट कुठं चिकटवायचं ते दाखवलं. माहिती कशासाठी पाहिजे, याचं कारण मी मनात जुळवूनच गेलो होतो, तर त्या म्हणाल्या, काका, कारण सांगायची गरजच नसते. ज्ञानेश्वरराव, लग्न झाल्यापासून मी ज्याची वाट पाहत होतो ती जागा मला तिथं सापडली. कुठं गेलता, काऊन गेलता, काही नाही. मी खुशीत लिहिलं, वांगी स्पर्धा, प्रथम क्रमांकाच्या बाईचे गुण आणि माझे गुण, दोन्हींची प्रत मिळावी.

मॅडमनी अर्ज वाचला आणि सहज विचारलं, या पंचफुलाबाई तुमच्या कोण?

इथं माझी चूक झाली. बायकोविरुद्ध अर्ज करतो म्हटलं तर बाई हसेल, अशी मला लाज वाटली. मी म्हणालो, ओळखीच्या आहेत.

बस्स, एवढंच. आणि माझी सगळी वाट लागली ती यानं. कागदात दुसऱ्या माणसाची माहिती असली तर तो देण्याआधी कार्यालय त्या माणसाला चिठ्ठी पाठवून विचारतं, की अमुक तुमची माहिती मागतो, तुमची काही हरकत आहे का. त्या चिठ्ठीत कायद्याच्या भाषेत त्याला त्रयस्थ पक्ष म्हणतात. हे फलकावर होतं, पण खाली होतं, आणि तिथं एक कुंडी ठेवलेली होती. मी खरं सांगितलं असतं तर मॅडम म्हणाल्या असत्या, घरच्या आहेत ना, मग उद्या सही घेऊन या, आणि मी ती सही कशी तरी घेतलीही असती. पण ओळखीची बाई म्हटल्यावर त्यांनी रीतसर रजिस्टर पोस्टानं चिठ्ठी पाठवली. माझ्याच घरी.

पोस्टमन आला तेव्हा मी ओसरीत दाढी करत होतो. पंचफुलानं सही केली, चष्मा सापडेना म्हणून पाकीट माझ्याच हातात दिलं आणि म्हणाली, वाचा बरं काय हाये ते. अर्धा गाल साबणाचा, ज्ञानेश्वरराव, आणि मी माझाच अर्ज मोठ्यानं वाचतो आहे. अर्जदाराचं नाव आलं तिथं मी म्हणालो, शाई फुटली आहे, लागत नाही. ती भडकली. कोण मेला जळते माह्या वांग्यावर, त्याच्या घरात चूल पेटत नाही का, त्याले बायको नाही का, असली तं ते त्याच्या संग कशी राह्यते! जेवतानाही तेच, गुरांना चारा टाकतानाही तेच. मी हाव हाव म्हणत होतो. एकदा तर ती दमली तेव्हा पुढची शिवी मीच घातली. (आम्ही दोघं इतकं एकमतानं बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो. तो दिवस मला बरा गेला, हे सांगायला हरकत नाही.) पण संध्याकाळी ती चिठ्ठी घेऊन अब्दुल गनीच्या दुकानात गेली. त्याचा चष्मा नेहमी डोळ्यावरच असतो. त्यानं भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ठणठणीत आवाजात वाचून दाखवलं. अर्जदार, श्री. कडूबा, राहणार येथीलच.

घरी येऊन ती भांडली नाही. तुम्ही तिचे भाऊ, तुम्हाला कळेल मी किती घाबरलो असेन. तिनं नुसतं मला जेवायला वाढलं आणि चिठ्ठीखाली लिहिलं, हरकत नाही, मीपण पाहायला येणार. सोमवारी आम्ही एकाच बसनं गेलो. ती बायांच्या सीटवर, मी मागं. कार्यालयात रुपाली मॅडमनी फाइल काढूनच ठेवली होती. मला पाहून त्या म्हणाल्या, काका, या का त्या तुमच्या ओळखीच्या? पंचफुलानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, हाव मॅडम, ओळखीचीच हावो मी.

मी फाइलीत तोंड घातलं. आता नीट ऐका. रंग, मला जास्त. आकार, मला जास्त. वजन, दोघं बरोबर. मी टेबलावर बोट आपटून म्हणालो, पाहा! मॅडम म्हणाल्या, काका, पान उलटा. पान उलटलं तर तिथं शेवटचा रकाना होता, उत्पादकास पिकाची माहिती. तिला पैकीच्या पैकी. मला शून्य. आणि शून्यासमोर परीक्षकानं स्वतःच्या हातानं शेरा मारलेला: 'कोणताही प्रश्न विचारला असता स्पर्धक शेजारच्या टेबलावरील महिलेकडे पाहतो व त्या सांगतील तेच उत्तर देतो.'

हे असं लिहितात का, ज्ञानेश्वरराव? सरकारी कागदावर? जो कागद कोणीही जाऊन दोन रुपयांत घेऊ शकतो? मी पाहिलं असेल एखाद्या वेळी. शेजारी टेबल होतं, माणूस कुठं तरी पाहणारच. मॅडम काही तरी आणायला आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता, पण तो खोकला नव्हता. पंचफुला हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिनं त्या पानाची शिक्का मारलेली प्रत मागितली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि स्टँडवर आली. मी गावच्या बसकडे निघालो, ती तुमच्या बसकडे. म्हणाली, वांग्याचं मले काही वाटलं नाही, तुम्ही जळता हे मले पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण सव्वीस वर्षं तुमच्या घरात राबली, अन् चार लोकांत मी ओळखीची? मंग तुम्ही आपले ओळखीच्या माणसासारखे राहा, मी चालली भावाकडे. आणि बसमध्ये चढली. खिडकीतून पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हापासून ती तुमच्याकडे आहे. माझं इथं उत्तम चाललं आहे. स्वयंपाक जमतो. भाकरीला आकार येत नाही, पण आकाराचे गुण मला नकोच आहेत आता. या पत्राचा हेतू एवढाच की दोन्ही बाजू ऐकून तुम्ही घरातला कर्ता माणूस म्हणून न्याय करावा. अर्ज मीच भरला होता, हा मुद्दा तिच्यासमोर जरूर काढा. सासूबाईंना नमस्कार.

तुमचा जवाई,
कडूबा

ता.क. तिच्या पिशवीतली ती प्रत तुमच्या गावात कोणाला दाखवू देऊ नका. दाखवून झाली असेल तर निदान पहिलं पानही दाखवायला सांगा. रंगात आणि आकारात मी पुढे आहे.

आणखी ता.क. काल खात्याचे साहेब वांग्याचं वावर पाहायला आले होते. शेंडे वाळायला लागले आहेत. त्यांनी विचारलं, शेवटची फवारणी कशाची केली? मी सवयीनं बाजूला पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. साहेबांनी वही मिटली. मग ते म्हणाले, ताई आल्या की येतो, आणि गेले. तिला विचारून घ्या कशाची केली होती, आणि आता काय मारायचं. मला सांगू नका, कळवलं तरी मला जमणार नाही. तिनंच येऊन मारलेलं बरं.

शेवटचं ता.क. शेगावला शेतकऱ्यांचं शिबिर आहे, तिथं बोलायला तिला बोलावलं आहे. आमंत्रण इथं घरी आलं, तिच्या नावानं, माझं नाव मधलं म्हणूनही नाही. (जळलो. पण शिल्ड पुसून पुन्हा वरच ठेवली आहे.) खाली लिहिलं आहे की सोबत एक व्यक्ती आणता येईल. ती एक व्यक्ती तिनं अजून ठरवली नसेल तर माझं नाव तिच्या कानावर घाला. मी पिशवी धरीन, मागं बसेन. तिथं कोणी विचारलं, हे तुमचे कोण, तर तिनं 'ओळखीचे आहेत' म्हटलं तरी चालेल. चार लोकांत म्हटलं तरी चालेल. मी ऐकून घेईन.